तिलाही विचारले होते

काही वाक्ये आपल्या अंतःकरणात काट्यासारखी रुतून बसतात. ती उच्चारणाऱ्याच्या मनात राग नसतो, आवाज चढलेला नसतो, आणि म्हणूनच त्यांना उत्तर देता येत नाही. असे एक वाक्य मी गेली अनेक वर्षे वागवीत आलो आहे.

त्या वेळी मी एका लहानशा धर्मग्रामात प्रमुख धर्मगुरू होतो. तेथे एक तरुण शिक्षक होता. रविवारच्या धर्मशिक्षणात तो रमत असे. प्रापंचिकांना मिशनकार्यासाठी परदेशी पाठविणाऱ्या एका संस्थेशी त्याचा पत्रव्यवहार झाला आणि आफ्रिकेतील एका देशात, तेथील शाळेत शिकविण्यासाठी, तीन वर्षे जाण्याचे त्याने मनावर घेतले. मला आनंदाचे भरते आले. आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकात जपानला गेला, तेथील भाषा शिकला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाला. त्याच्या भूमीतून पुन्हा कोणी तरी दूरदेशी निघाले होते! मी तीन संध्याकाळी त्या तरुणाच्या घरी जाऊन बसलो. आम्ही प्रवासाविषयी, तेथील हवामानाविषयी, प्रार्थनेविषयी बोललो. त्याची पत्नी चहा आणून ठेवीत होती, कप उचलून नेत होती. तिसऱ्या संध्याकाळी मी शिफारसपत्र लिहून दिले.

ती दोघे गेली आणि अकराव्या महिन्यात परत आली. तेथे तिचा गर्भ गेला होता. परक्या भाषेत तिला स्वतःचे दुःखही सांगता आले नव्हते. ती दिवसेंदिवस अबोल होत गेली, तेव्हा नवऱ्याने परतीची वाट धरली. मी भेटायला गेलो. सांत्वनाचे चार शब्द माझ्याजवळ तयार होतेच; आम्हा धर्मगुरूंजवळ ते नेहमीच तयार असतात. तिने ते ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाली, “फादर, तुम्ही तीन वेळा आमच्या घरी आलात. मला एकदाही विचारलं नाहीत.”

त्यानंतर पुष्कळ दिवसांनी अॅन जडसन या स्त्रीचे चरित्र माझ्या हाती आले. सेमिनरीत असताना मिशनच्या इतिहासात अॅडोनिराम जडसन हे नाव मी वाचले होते: अमेरिकेतून ब्रह्मदेशात गेलेला, बायबलचे ब्रह्मी भाषांतर करणारा प्रॉटेस्टंट मिशनरी. दोन-चार ओळींची ती माहिती परीक्षेपुरती लक्षात राहिली होती. त्या ओळींत त्याच्या पत्नीचे नाव नव्हते. असले तरी मी ते ध्यानात ठेवले असते, असे आज प्रामाणिकपणे म्हणवत नाही.

अॅन हॅसेल्टाइन ही मॅसॅच्युसेट्समधील ब्रॅडफर्ड गावची. १७८९ साली जन्मलेली, हसरी, वाचनाची आवड असलेली, काही काळ शिक्षिकेचे काम केलेली मुलगी. जून १८१० मध्ये त्या गावी धर्मसेवकांची सभा भरली. परदेशात मिशनरी पाठवावेत अशी विनंती घेऊन काही तरुण विद्यार्थी तेथे आले होते. त्यांतील एक अॅडोनिराम. सभेस आलेली काही मंडळी हॅसेल्टाइन यांच्या घरी जेवायला होती. वाढायला अॅन होती. पुढे अॅडोनिरामने तिला मागणी घातली.

येथवरची कथा कोणत्याही लग्नाची असते. परंतु त्याने तिच्या वडिलांना जे पत्र लिहिले, ते मी वाचले तेव्हा पुस्तक मिटून स्वस्थ बसलो. मुलीचा हात मागणारा तरुण सामान्यतः आपण तिला सुखात ठेवू असे सांगतो. याने उलट विचारले: येत्या वसंतात तुम्ही मुलीला निरोप द्याल आणि या जगात ती पुन्हा तुमच्या दृष्टीस पडणार नाही, याला तुमची तयारी आहे का? समुद्राचे धोके, उष्ण प्रदेशातील रोग, दारिद्र्य, अपमान, छळ, कदाचित घातपाताचे मरण, हे सगळे त्याने त्या पत्रात ओळीने मांडले होते. वडिलांनी निर्णय मुलीवर सोपविला. अॅनने काही महिने विचार केला, प्रार्थना केली, भीती वाटते हे कबूल केले आणि मग होकार दिला.

तिला विचारले होते. आणि विचारताना काही लपविले नव्हते. आपण दिवसातून तीन वेळा देवदूताची प्रार्थना म्हणतो. त्या प्रार्थनेचा गाभा तरी काय आहे? जगाच्या तारणाची योजना घेऊन आलेला देवदूत नाझरेथच्या एका मुलीच्या उत्तरासाठी थांबला होता. परमेश्वराने जिथे होकाराची वाट पाहिली, तिथे मी चहाचा कप संपवून शिफारसपत्र लिहिले होते!

न विचारल्याचे काय होते याचे उदाहरण त्याच काळात बंगालमध्ये होते. विल्यम केरी यांचे नाव मराठी माणसाला परके नाही. श्रीरामपूरला त्यांनी १८०५ साली मराठी व्याकरण आणि १८१० साली मराठी कोश छापला. आपल्या भाषेच्या इतिहासात त्यांचे ऋण आपण कृतज्ञतेने नोंदवितो. त्यांची पत्नी डॉरथी मात्र कोणत्याच इतिहासाच्या पहिल्या पानावर नसते. लग्नाच्या नोंदवहीत तिने सहीऐवजी फुली केली होती. १७९३ साली केरी हिंदुस्थानात यायला निघाले तेव्हा ती गरोदर होती आणि तिने ठाम नकार दिला. केरी थोरल्या मुलाला, फेलिक्सला, घेऊन निघाले. जहाजाची अडचण उद्भवल्यामुळे ते परत आले. मधल्या काळात ती बाळंत झाली होती. पुन्हा विनवणी झाली, पुन्हा तिने नाही म्हटले. शेवटी केरींच्या सहकाऱ्याने तिला बजावले की, राहिलीस तर जन्मभर पस्तावशील. बहीण सोबत येत असेल तर येते, असे ती म्हणाली आणि घाईघाईत निघाली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तिचा पाच वर्षांचा पीटर गेला. त्यानंतर तिचे मन ढळले ते कायमचे. १८०७ साली तिचा अंत झाला. आपले मराठी व्याकरण छापले जात होते, त्या वर्षांत ती त्या घरी वेडाच्या अंधारात दिवस काढीत होती. केरींना दोष देण्याचा अधिकार मला नाही. मी त्यांच्याच रांगेत उभा आहे.

अॅन आणि अॅडोनिराम यांचे लग्न ५ फेब्रुवारी १८१२ रोजी झाले. तो गोन्सालो गार्सियाच्या हौतात्म्याचा दिवस, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दुसऱ्या दिवशी सेलम येथे पाच तरुणांना दीक्षा देण्यात आली. त्यांत जडसनबरोबर गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट होते. हे दोघे आणि नॉट यांची पत्नी रॉक्साना फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला. पुढे ज्या मिशनच्या परिवारात ‘ज्ञानोदय’ निघाला आणि ज्यात रेव्हरंड टिळक आले, त्याची मुळे त्या एका दिवसात आहेत. म्हणून अॅनची हकिगत दूरदेशीची असली, तरी तिचा धागा आपल्या उंबरठ्यावरून गेलेला आहे.

जून १८१२ मध्ये जडसन दांपत्य कलकत्त्याला पोहोचले. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते; निघून जाण्याचा हुकूम झाला. मॉरिशसला गेले तर तेथे अॅनची मैत्रीण हॅरिएट न्यूएल अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, आपल्या तान्हुलीच्या पाठोपाठ मरण पावली होती. तेथून मद्रास. तेथेही राहता येईना, म्हणून रंगूनला जाणारे जे जहाज मिळाले त्यावर ती दोघे चढली. अॅन गरोदर होती. सोबतीला घेतलेली बाई जहाज सुटताच दगावली. त्या खवळलेल्या समुद्रात, वैद्य नाही, सुईण नाही, अशा अवस्थेत तिला मृत मूल झाले. १३ जुलै १८१३ रोजी रंगून दिसले, तेव्हा तिच्यात चालण्याची शक्ती नव्हती. खुर्चीला बांबू बांधून चार ब्रह्मी माणसांनी तिला खांद्यावरून गावात नेले. वाटेत बायका गोळा झाल्या. ही गोरी बाई दिसते तरी कशी, म्हणून तिच्या टोपीखाली वाकून पाहू लागल्या. अॅन हसली, आणि त्या खळखळून हसल्या. ब्रह्मदेशातील तिचे पहिले प्रवचन मी यालाच म्हणेन.

राहायला घर मिळाले ते फेलिक्स केरी यांचे, डॉरथीच्या थोरल्या मुलाचे. त्याच्या ब्रह्मदेशीय पत्नीने त्यांचे स्वागत केले. घर तटाबाहेर, जवळच गुन्हेगारांना देहदंड देण्याची जागा. पाव नाही, लोणी नाही, बटाटा नाही. भात, कोंबडीचे कालवण आणि काकड्या. आपल्याला हे जेवण चांगलेच वाटेल, पण ज्याने जन्मात पावाशिवाय घास घेतला नाही, त्याला विचारावे! परदेशी मिशन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर क्रूस उंचावलेला धर्मगुरू उभा राहतो. प्रत्यक्षात मिशन बाजारात सुरू होते: मीठ कोठे मिळते, पाणी कोण आणते, दूधवाल्याला उद्या लवकर ये हे कसे सांगायचे.

भाषा शिकविण्यासाठी एक पंडित ठेवला. त्याला इंग्रजीचे अक्षर ठाऊक नव्हते. ही दोघे वस्तूकडे बोट दाखवीत आणि तो तिचे नाव सांगे. अक्षरे ताडपत्रावर कोरलेली, एकाला एक लागून. शब्द कोठे संपतो ते कळू नये. आपल्या मोडीच्या जुन्या कागदांवर ज्यांनी डोळे शिणविले आहेत, त्यांना याची थोडी कल्पना येईल. हा पंडित आरंभी अॅनकडे लक्षच देईना. बाईमाणसाला शिकविणे त्याला कमीपणाचे वाटत असावे. परंतु नवरा तिला किती मानाने वागवितो, तिनेही शिकावे अशी त्याची किती इच्छा आहे, हे त्याने पाहिले आणि मग तो तिलाही तितक्याच काळजीने शिकवू लागला.

अॅडोनिराम सकाळपासून रात्री उशिरापर्यंत ताडपत्रांवर वाकलेला असे. अॅनला तेवढी सवड कोठली? तिच्या मागे घर होते. नोकरांशी, बाजारातल्या बायकांशी दिवसभर बोलल्याशिवाय तिचे चालत नव्हते. परिणाम असा झाला की, व्याकरण त्याला अधिक कळू लागले आणि बोलू ती आधी लागली. हे वाचताना मला माझी पहिली नेमणूक आठवली. वारली पाड्यांत मला पाठविले होते. माझ्याजवळ शब्दांची वही होती आणि मी ती मोठ्या निष्ठेने भरीत होतो. पण आजारी मुलाच्या आईशी काय बोलावे, हे मला आमच्या मिशनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बाईने शिकविले. तिचे नाव मी वार्षिक अहवालात कधी लिहिले नाही. अहवालात शब्दसंग्रहाचा उल्लेख मात्र होता.

त्या वर्षाच्या डिसेंबरात अॅन तेथील राज्यपालाच्या पत्नीच्या भेटीला गेली. उद्या काही संकट आले, तर आपल्याला निदान एक दार उघडे असावे, असा तिचा साधा हिशेब होता. रुप्याची लांब नळी ओढीत त्या बाई बाहेर आल्या आणि दोघींची ओळख झाली. सप्टेंबर १८१५ मध्ये अॅनला मुलगा झाला, रॉजर. त्या घरात ना सासू ना माहेर. त्या बाळाने घर भरून टाकले. आठ महिन्यांचा असताना, मे १८१६ मध्ये, तो तापाने गेला. तेव्हा राज्यपालाची पत्नी आपल्या लवाजम्यासह दुखवट्याला आली आणि अंत्यविधीला आम्हांला का बोलावले नाही, म्हणून तिने विचारले. धर्म निराळा, भाषा निराळी. पण पुत्रशोकाला आपण बोलावलेच जायला हवे होते, असे त्या स्त्रीला वाटले. नव्या देशात माणूस स्थायिक केव्हा होतो? माझ्या मते, त्याच्या दुःखात बोलावणे न आल्याचे शेजाऱ्याला वाईट वाटते, तेव्हा.

आणि तरीही अॅनची खरी कसोटी पुढेच होती. डिसेंबर १८१७ मध्ये अॅडोनिराम चितगावला जायला निघाला. वाऱ्याने जहाज भरकटले आणि तो मद्रासच्या किनाऱ्याला जाऊन लागला. कित्येक महिने त्याची काही वार्ता नाही. रंगूनमध्ये पटकीची साथ, युद्धाच्या अफवा, परदेशीयांची चौकशी. छापखाना सांभाळणाऱ्या सहकाऱ्याच्या कुटुंबाने बंगालला परतण्याचे ठरविले. जुलै १८१८ मध्ये अॅनही त्यांच्याबरोबर जहाजावर चढली. जहाजाला निघायला विलंब झाला. आणि तेवढ्या अवधीत तिने आपले सामान उतरवून घेतले आणि ती एकटी त्या रिकाम्या मिशनघरात परत आली. काही आठवड्यांनी नवरा परतला, तेव्हा घरात दिवा होता.

ब्रॅडफर्डला तिला वडिलांनी विचारले होते, होणाऱ्या पतीने विचारले होते. रंगूनच्या बंदरात विचारणारे कोणी नव्हते. तिने स्वतःच स्वतःला विचारले आणि पुन्हा होकार दिला. पहिला होकार मोकळेपणी दिला नसता, तर दुसरा देण्याचे बळ तिच्यात कोठून आले असते? डॉरथीला पहिलाच होकार तिच्या मनाप्रमाणे देता आला नव्हता.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. पहिला ब्रह्मी माणूस, मौंग नौ, २७ जून १८१९ रोजी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला. सहा वर्षांनी एक! ब्रह्मदेश म्हटले की आपल्याला मंडालेचा तुरुंग आणि तेथे लिहिलेले ‘गीतारहस्य’ आठवते. मंडालेपासून जवळच जुनी राजधानी आवा. १८२४ साली इंग्रजांशी युद्ध पेटताच अॅडोनिरामला तेथील तुरुंगात टाकण्यात आले. भाषांतराचे हस्तलिखित अॅनने आधी जमिनीत पुरले आणि मग कोणी मागू नये अशा कठीण उशीत शिवून नवऱ्याच्या डोक्याखाली पोहोचविले. रोज अन्न नेणे, अधिकाऱ्यांची दारे ठोठावणे, आणि त्यातच जानेवारी १८२५ मध्ये मुलगी झाली, मारिया. पुढे आई तापाने अंथरुणाला खिळली, तेव्हा बेड्या घातलेला बाप बाळाला घेऊन गावातल्या लेकुरवाळ्या बायकांकडे थोडे दूध मागत फिरला. त्या बायकांनी पाजले. अॅन सुटका पाहायला जगली. परंतु २४ ऑक्टोबर १८२६ रोजी आम्हर्स्ट येथे, पती कामानिमित्त दूर असताना, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ती गेली. सहा महिन्यांनी मारियाही गेली. उशीतले ते हस्तलिखित वाचले. १८३४ साली संपूर्ण बायबलचे भाषांतर पुरे झाले आणि ते आजही तेथील ख्रिस्ती घरांत वाचले जाते.

वाचकांपैकी कोणी विचारील की, कॅथोलिक धर्मगुरूने ही प्रॉटेस्टंट दांपत्याची कथा का सांगावी? आम्ही धर्मगुरू एकटे जातो. आमच्या बदलीच्या पत्राला आमचाच एकट्याचा होकार लागतो. आमच्यामागे कोणी पत्नी चहाचे कप उचलीत नसते. म्हणून ‘मिशनला पाठविणे’ हे एकाच माणसाला पाठविणे आहे, असे आम्ही धरून चालतो. प्रापंचिकांचे प्रेषितकार्य दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ठळकपणे मांडले, त्याला साठ वर्षे झाली. पण प्रापंचिक जातो तेव्हा एक घर जाते, हे मला त्या घरातल्या बाईने सांगावे लागले. संत पौलाला मात्र ते ठाऊक होते. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांचा उल्लेख तो जोडीनेच करतो, आणि पुष्कळदा तिचे नाव पहिले येते.

ते शिक्षक जोडपे आज माझ्या जुन्या धर्मग्रामातच आहे. त्यांना दोन मुले झाली. मी एकदा धीर करून तिच्याकडे गेलो, क्षमा मागितली आणि अॅनची ही सारी कथा तिला सांगितली. पंडिताचा प्रसंग ऐकून ती हसली. “म्हणजे त्यालाही नवऱ्याकडे बघूनच कळलं!” ती म्हणाली. मग थोडा वेळ ती गप्प राहिली. मी उठायला निघालो, तेव्हा म्हणाली, “फादर, तुम्ही तेव्हा विचारलं असतंत, तरी मी ‘हो’च म्हटलं असतं. पण ते माझं ‘हो’ झालं असतं. मग तिथं रडतानाही मी माझ्याच निर्णयावर उभी असते.”

हल्ली कोणी जोडपे परदेशी जाण्यासाठी शिफारसपत्र मागायला आले, मग ते मिशनसाठी असो की नोकरीसाठी, मी दोघांनाही समोर बसवितो, आणि मग प्रत्येकाशी वेगळे बोलतो. पत्र लांबते, कधी लिहिलेच जात नाही. ऑक्टोबरात मिशन रविवार येतो. त्या दिवशी वेदीवर मी ज्यांची नावे मनात घेतो, त्यांत अॅन असते, आणि डॉरथी असते. तिच्याजवळ मी थोडा अधिक वेळ थांबतो.